भिंतीवरचे एकोणीस भोपळे

वेस्ट हार्लो, व्हरमाँट
१४ सप्टेंबर १९९७

प्रिय लेटीमावशी,

आईच्या अंत्यविधीनंतर तुला एकही पत्र लिहिलं नाही. फेब्रुवारीचा सप्टेंबर झाला. कारणं तीन-चार आहेत, पण वहीत लिहून पाहिली तेव्हा त्यातलं एकही धड वाटेना, म्हणून ती सांगत बसत नाही. फोन केला असता, पण तुझ्या कानातलं यंत्र शीळ घालतं आणि तू चिडून फोन ठेवून देतेस.

काम आहे म्हणून लिहितेय. ऑगस्टमध्ये हॅलोवीनच्या भोपळ्यांसाठी आपल्या रस्त्यावरच्या एकोणीस घरांची सभा झाली. लोवेल बास्कम त्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा एक भोपळा घेऊन आला, आत बल्ब बसवलेला. टेबलावर ठेवून बटण दाबलं आणि म्हणाला, "हा बघा. सडत नाही, खारी कुरतडत नाहीत. एक नोव्हेंबरला धुवा, पुसा, माळ्यावर टाका. संपलं." हेस्टर क्विंबी एक्याऐंशी वर्षांची झाली, पण सभेची वही अजून तीच लिहिते. ती म्हणाली, "लोवेल, अगदी तुझ्या कवळीसारखा आहे रे हा. काम झालं की काढून ठेवायचा." सगळे हसले. पण हसून झाल्यावर बऱ्याच जणांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, तेही मी पाहिलं.

गेल्या वर्षी चर्चच्या दगडी भिंतीवरचे, आईने तोंडं कोरलेले, घरटी एक असे एकोणीसच्या एकोणीस भोपळे हॅलोवीनच्या आदल्या दिवशीच खचून बसले, हे तिने तुला कळवलं असेलच. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मुलं सोंगं घेऊन गोळ्या मागायला निघाली तेव्हा भिंतीवर नुसत्या तोंडं पडलेल्या म्हाताऱ्यांची रांग होती. तेव्हापासून आईबद्दल रस्त्यावर एकच बोललं जातं. व्हर्ना कोलबर्नचे हात गेले होते, तिने वेळीच सुरी खाली ठेवायला हवी होती.

शेवटी असं ठरलं की यंदा एकदा खरे भोपळे करून पाहायचे. अठ्ठावीस ते एकतीस ऑक्टोबर, चार संध्याकाळ ते उभे राहिले पाहिजेत. एक तारखेला सकाळी सभा आणि मतं. कोरायचं कोणी, हे विचारल्यावर जो तो छताकडे बघू लागला. मी हात वर केला.

मला भूगोल शिकवता येतो, भोपळा कोरता येत नाही. शेवटची दोन वर्षं आईजवळ राहिले, पण ओझी उचलण्यापलीकडे काही केलं नाही. तू ॲरिझोनाला जाईपर्यंत वीस वर्षं तिच्या शेजारी बसून कोरलंस. मला शिकव. हे मी करणार आहे, तेव्हा झेपेल का म्हणून विचारू नकोस.

तुझी,
कोरीन

---

ड्राय वेल्स, ॲरिझोना
२२ सप्टेंबर १९९७

कोरीनबाई,

सात महिन्यांनी मावशी आठवली, तीही भोपळ्यापायी. असो. झेपेल का, असं मी विचारत नाही. झेपणार नाही. तरी कर. तुझ्या आईलाही पहिली तीन वर्षं झेपलं नव्हतं. तिचा पहिला भोपळा पाहून पाद्रीबुवांनी काळजीने विचारलं होतं, "याला कुठे दुखतंय का?"

आता तुझ्या त्या वहीत लिहून घे. घरोघरचे भोपळे गोळा करशील तेव्हा प्रत्येकाचं बूड दाबून बघ. बूड मऊ तर भोपळा परत कर, मग तो कोणाचा का असेना. देठ धरून कोणालाही उचलू देऊ नकोस. देठ मोडला की कूज तिथूनच आत शिरते. लोवेल दरवर्षी देठाला धरूनच आणतो, जसा काही भोपळा म्हणजे ससा आहे. वरून झाकण कापू नकोस, बूड काप. झाकण आकसून आत पडतं आणि खाली बूड शाबूत राहिल्याने सगळा ओलावा तिथे साचतो. बूड कापलंस की मेणबत्तीवर टोपीसारखा उपडा घालता येतो. यावरून तुझी आई आणि मी वीस वर्षं भांडलो. ती झाकणवाली, मी बूडवाली. आता ती बोलायला नाही, तेव्हा मीच बरोबर.

आतले धागे आणि बिया चमच्याने नाही, आइस्क्रीम काढायच्या डावाने खरवड. तोंड कोरशील त्या बाजूला अंगठ्याच्या रुंदीइतका गर राहू दे. पाठीकडे हात लावू नकोस. मग बादलीभर पाण्यात कपडे पांढरे करायचं औषध चमचाभर टाकून सगळा बुडवून काढ, उलटा ठेवून निथळ, आणि कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोपड. आणि चार संध्याकाळ टिकवायचे तर आदल्या दिवसाच्या आधी सुरी लावायची नाही. जीव गेला तरी नाही.

व्हर्ना हा नियम कधी मोडत नसे. म्हणून गेल्या वर्षीचं मला अजून पटत नाही. पण तिनेच डिसेंबरात लिहिलं होतं. पत्र समोर आहे, उतरवून देते. "लेटी, भोपळा बसला तो माझ्यामुळे. मी फार खरवडलं असणार. आत किती उरलंय हे बोटांना पूर्वी आपोआप कळायचं, आता कळत नाही बहुतेक. मी सुरी हेस्टरकडे देऊन आले." म्हातारपण असंच चोरपावलांनी येतं, दुसरं काय.

सरावाचे भोपळे कसे झाले ते कळव. खोटं लिहू नकोस.

लेटीमावशी

---

वेस्ट हार्लो
३० सप्टेंबर १९९७

प्रिय मावशी,

तीन भोपळे वाया घालवले. पहिल्याचे दोन दात नाकाला जाऊन मिळाले. दुसऱ्यात तू सांगितलेला अंगठा मी माझा धरला. तुझा अंगठा माझ्यापेक्षा रुंद आहे हे लक्षात आलं नाही, आणि तो चार दिवसांत गालात बसला. तिसरा बरा होता, पण खारींनी एका रात्रीत त्याचा डोळा मोठा केला. आता कडांना व्हॅसलीनमध्ये लाल तिखट मिसळून लावते. मुलांना वर्गात सांगितलं तर एकजण म्हणाला, "मिस, मग तुम्ही भोपळा कोरताय की लोणचं घालताय?"

बूड कापण्याचं मात्र तुझंच खरं. चौथा भोपळा आज चौथ्या दिवशीही ताठ आहे. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्याच्या गालाला बोट लावून वहीत नोंद करते.

मेणबत्त्या आणायला काल लोवेलच्या दुकानात गेले होते. त्याने प्रत्येक घरासाठी चार अशा आखूड, जाड मेणबत्त्या मोजून दिल्या. म्हणाला, "कोरीन, तुझ्या जिद्दीचं मला कौतुक आहे. मी तुझ्या आईविरुद्ध नाही हं. माझ्या वडिलांचंही शेवटी असंच झालं. खिळे मोजायचे आणि चुकायचे. माणसाला आपण थकलो हे स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याने सांगावं लागतं." मी मेणबत्त्या घेतल्या आणि आभार मानून बाहेर पडले.

आईने डिसेंबरनंतर तुला आणखी काही लिहिलं होतं का? ती सुरी देऊन आली, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, सुरी शेडमध्येच असेल.

चर्चच्या दारापासून गेटपर्यंत भिंत मोजली. एकोणीस भोपळ्यांत प्रत्येकी सव्वादोन फूट अंतर पडतं. उत्तरेकडचा भाग सावलीत आहे. पातळ सालीचे तिकडे ठेवेन.

तुझी,
कोरीन

---

ड्राय वेल्स
७ ऑक्टोबर १९९७

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंगठ्याची रुंदी आहे, तिखट आहे, भिंतीचे फूट आहेत. गेल्या वर्षाबद्दल एक ओळ नाही. तू ती कोरीन ना, जिने वयाच्या नवव्या वर्षी मला कबुलीचं पत्र लिहिलं होतं की माझ्या डब्यातली बिस्किटं पाच नाही, साडेपाच खाल्ली? आणि लोवेल भर दुकानात तुझ्या आईचे हात गेले म्हणतो, आणि तू आभार मानून बाहेर पडतेस?

मी इथे उन्हात बसून विचार करायला मोकळी आहे. व्हर्नाने बूड कापलेलं असो की झाकण, एकोणीसच्या एकोणीस भोपळे एकाच दिवशी बसत नाहीत. हाताने चूक होते तेव्हा तीन बसतात, चार बसतात. माणूस एकोणीस वेळा सारखं चुकत नाही. सगळे एकदम बसले म्हणजे त्यांना बाहेरून काहीतरी झालं. हे मला डिसेंबरातच सुचायला हवं होतं.

तू तिथे होतीस. काय झालं?

तिने त्यानंतर मला नाताळचं कार्ड पाठवलं, त्यात फक्त सही होती.

लेटी

---

वेस्ट हार्लो
१३ ऑक्टोबर १९९७

मावशी,

हे पत्र मी वहीत चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी सुरुवातीला हवामान आलं. आता हवामान शेवटी घालते.

गेल्या अठ्ठावीस ऑक्टोबरला आईने भोपळे भिंतीवर मांडले, पहिली संध्याकाळ पार पडली आणि ती तापाने आडवी झाली. रेडिओवर कडक थंडीचा इशारा होता. ती म्हणाली, "कोरीन, शेडमधली गोणपाटं नेऊन त्यांच्यावर टाक. बाकी काही करू नकोस." मी शेडकडे गेले. गोणपाटं पाहिली, जुनी, विरलेली. मला वाटलं, एवढ्याने काय होणार? गोठलं की आतलं पाणी फुगतं आणि गराच्या पेशी फुटतात, हे मीच वर्गात शिकवते. मी हातगाडी आणली आणि एकोणीसही भोपळे चर्चच्या तळघरात नेऊन ठेवले. चर्च गरम ठेवणारी भट्टी आहे त्या खोलीत, म्हणजे गारठा अजिबात लागायला नको. आईपेक्षा जास्त काळजी घेतली, अशा समाधानात झोपले.

दुसऱ्या दिवशी शाळेची सहल होती. परतले तर सकाळपासूनचा गारांसकट पाऊस अजून चालूच, कोणी मेणबत्त्या लावायला बाहेरच पडलं नव्हतं, म्हणून भिंत रिकामी आहे हे कोणाला कळलं नाही. आणि त्या संध्याकाळी वर चर्चमध्ये गाण्याची तालीम ठरली होती, ती पावसाने रद्द झाली, पण तिच्यासाठी दिवसभर भट्टी चालू होती. तीस तारखेला उजाडता उजाडता मी ते परत भिंतीवर मांडले. उचलतानाच बोटं आत जात होती. दुपारपर्यंत सगळे बसले.

आईने विचारलं, "गोणपाटं टाकली होतीस ना गं?"

मी म्हटलं, "टाकली होती."

मी घाबरले होते, पण तेवढंच कारण नव्हतं. तिने सांगितलेलं साधं काम मी माझ्या शहाणपणाने बिघडवलं, हे त्रेचाळिसाव्या वर्षी कबूल करायची लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं. मग लोवेल घरी आला, केक घेऊन, आणि तिच्या पलंगाशी बसून अतिशय प्रेमाने म्हणाला, "व्हर्ना, तू पुष्कळ केलंस, आता सुरी दुसऱ्याकडे दे." आईने माझ्याकडे पाहिलं. मी केक कापत होते. कापत राहिले.

नंतर ती जेवताना मध्येच हात थांबवून बोटांकडे बघायची. एकदा म्हणाली, "फार पातळ केलं का गं मी?" मी म्हटलं, "जाऊ दे ना आई." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं ते वहीत नाही. त्या तीन महिन्यांत मी वही लिहिलीच नाही.

ती तसंच समजून गेली.

यंदा मी हात वर केला तो कशासाठी, हे मला नीट सांगता येत नाही. तिचं नाव राहावं म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं न सांगता ते राहावं, अशी सोय शोधत असेन, असंही वाटतं.

हवा थंड आणि कोरडी आहे.

कोरीन

---

ड्राय वेल्स
१९ ऑक्टोबर १९९७

कोरीन,

मला माफी मागायचं पत्र पाठवलंस. चुकीच्या पत्त्यावर आलंय.

मी तुला रागावले नाही असं समजू नकोस. पत्र वाचून ताट तसंच ठेवून उठले आणि इथल्या चाकांवरच्या घरांच्या, ट्रेलरांच्या, रांगेतून दोन वेळा फिरून आले, काठी आपटत. शेजारचा एर्विन म्हणाला, "आज कोणाला मारायला निघालीस, लेटी?" मी म्हटलं, "भाचीला, पण ती दोन हजार मैलांवर आहे." मावशीकडे रडलं की मन मोकळं होतं, म्हणून तू रडलीस. मन मोकळं करून घेऊ नकोस. ते भरलेलं राहू दे आणि ज्यांनी व्हर्नाला सुरी खाली ठेवायला लावली त्यांच्यापुढे उभं राहून रिकामं कर. एकेकाच्या कानात नाही. सगळे असतील तेव्हा.

आणि भोपळे टिकव. एखादा मलूल दिसला तर रात्रभर बर्फासारख्या पाण्यात बुडवून ठेव, सकाळी ताठ होतो. एकदाच चालतं हे, दुसऱ्यांदा नाही.

लेटी

---

वेस्ट हार्लो
२८ ऑक्टोबर १९९७

मावशी,

घाईत लिहितेय. काल सकाळी सहाला सुरुवात केली, रात्री नऊला एकोणिसावा संपला. शाळेतून रजा घेतली. लोवेलने आपला भोपळा देठाला धरून आणला, मी अंगणातच देठ तपासला, तडा होता. परत केला. तो म्हणाला, "बाई, मी काय घोडा विकतोय का?" दुसरा आणायला लावला. तोही देठाला धरूनच आणला. आता काय बोलायचं? ठेवून घेतला.

आणि आज अचानक उकडायला लागलंय. ऑक्टोबरच्या शेवटी लोक कोट काढून फिरताहेत. आज दुपारी भिंतीवर मांडले तर उन्हाने दोनच तासांत चौदाव्याच्या भुवया वळायला लागल्या. सगळे उचलून मेपलच्या झाडाखाली सावलीत नेले, ओल्या फडक्यांनी झाकले, संध्याकाळी पुन्हा मांडले. रोज असंच करणार. मेणबत्त्या अर्ध्या तासापेक्षा जास्त जळू देणार नाही. चौदावा ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलाय, वर दगड ठेवून.

शनिवारी सभेत सांगणार आहे. आज सांगितलं आणि भोपळे बसले, तर लोक म्हणतील आपलं अपयश झाकायला आईची गोष्ट काढली. म्हणून शनिवार. हे कारण खरं आहे की आणखी चार दिवसांची मुदत, हे मी स्वतःला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. पण शनिवारच्या पुढे जाणार नाही. तुला लिहून दिलं म्हणजे झालं.

कोरीन

---

वेस्ट हार्लो
२ नोव्हेंबर १९९७

प्रिय मावशी,

एकोणीसपैकी अठरा उभे राहिले. पडला तो लोवेलचा, देठापासून.

शुक्रवारी संध्याकाळी अख्खा गाव भिंतीपाशी होता. पोरं एकेका भोपळ्यापुढे उभी राहून त्याच्यासारखं तोंड करून दाखवत होती. मला आनंद झाला, हे लिहायला हवं. उद्या काय करायचंय हे माहीत असूनही झाला.

काल दहाला सभा भरली. सगळी घरं आली होती. कॉफी, सफरचंदाचे डोनट. लोवेल उभा राहिला. मला वाटलं तो प्लास्टिकचं काढणार. तो म्हणाला, "मी माझा ठराव मागे घेतो. कोरीनने मला खोटं पाडलं आणि मला त्याचा आनंद आहे. चूक भोपळ्यांची नव्हतीच. हातांची होती. व्हर्ना थकली होती, बिचारी, देव तिला शांती देवो. आता कोरीन आहे. खरे भोपळे राहू देत, आणि सुरी कायमची कोरीनकडे."

टाळ्या वाजल्या. हेस्टरने सुरी आणलीच होती, आईची, फडक्यात गुंडाळलेली. तिने ती टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मतांसाठी हात वर जाऊ लागले. मी मोजत होते. सोळा, सतरा.

मावशी, मला वाटलं होतं, सांगितलं तर भिंतीवरचे खरे भोपळे जातील, एवढीच भीती असेल. ते सोपं ठरलं असतं. इथे तर गप्प राहिलं की सगळं मिळत होतं. आणि मी भोपळे जितके चांगले टिकवले, तितके आईचे हात वाईट ठरत होते. चार दिवस मी त्यांना ऊन लागू दिलं नाही, ते जणू याचसाठी.

मी म्हटलं, "थांबा. हात खाली करा."

लोवेल म्हणाला, "भाषण नंतर कर गं, डोनट संपताहेत."

मी सुरी परत हेस्टरकडे सरकवली आणि उभी राहिले. तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, त्याच क्रमाने. गोणपाटं, हातगाडी, तळघर, भट्टी. आईने विचारलं ते आणि मी उत्तर दिलं ते. मागून कोणीतरी म्हणालं, "एकोणीस भोपळे भट्टीपाशी? सूप करायचं होतं का?" आणि लोक हसले. मीही हसले असते, इतकं सुटल्यासारखं झालं. पण लोवेल हसला नाही.

तो म्हणाला, "मी तिच्या घरी गेलो होतो."

"हो."

"केक घेऊन. मी तिला सुरी दे म्हटलं. तू तिथे होतीस."

"हो."

"केक कापत होतीस तू, कोरीन."

"हो."

"मी वर्षभर दुकानात येईल त्याला सांगतोय की व्हर्नाचे हात गेले. माझ्या वडिलांची उदाहरणं देतोय. तुझ्यासमोर दिली." त्याचा आवाज फार मोठा नव्हता. "तू मेणबत्त्या घेऊन आभार मानलेस."

मग हेस्टर बोलली. वहीवरून मान वर न करता. "व्हर्ना सुरी द्यायला आली तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. डोळे मिटून माझ्या बशा एकेक हातात घेतल्या आणि म्हणाली, हेस्टर, मी जाडी सांगते, तू ताडून बघ. सहा बशा. सहाही बरोबर सांगितल्या."

कोणीतरी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बशी वेगळी आणि भोपळा वेगळा. आणि सुरी ठेवून घेतली." तिने चष्मा काढून पुसला. "तेव्हा एकट्या पोरीकडे बघू नका. आपण सगळ्यांनीच पटवून घेतलं. सोपं होतं."

लोवेल म्हणाला, "हे तुझं बरोबर असेल, हेस्टर. पण तिने सांगितलं असतं तर मी केक घेऊन गेलो नसतो."  

मग त्यानेच सांगितलं की मघाचे हात खोट्यावर वर गेले होते, मतं पुन्हा घ्या. घेतली. खऱ्या भोपळ्यांना बारा, प्लास्टिकला सात. लोवेलचं मत खऱ्यांना पडलं. त्यानंतर त्याने दुसरा ठराव मांडला की पुढच्या वर्षी सुरी माझ्याकडे नको. त्यालाही बहुतेक हात वर झाले. मी स्वतःचाही केला. लाजेने नाही. मी त्याच्या जागी असते तर तोच ठराव मांडला असता.

शेवटी मी हेस्टरला गेल्या वर्षीचं पान दाखव म्हटलं. तिथे ओळ होती, "भोपळे लवकर बसले. कोरण्यात दोष." मी म्हटलं, हे खोडा. ती म्हणाली, "या वहीत गेल्या पन्नास वर्षांत काही खोडलेलं नाही. खाली नवीन ओळ लिहिता येते. तूच लिही, तुझ्या हाताने." मी लिहिलं, "कोरण्यात दोष नव्हता. भोपळे मी भट्टीपाशी नेऊन ठेवले आणि आईशी खोटं बोलले. कोरीन कोलबर्न." हेस्टरने वाचलं, तारीख घातली आणि वही मिटली.

लोवेल माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी दुकानासमोरून गेले तेव्हा तो आत वळला. हलकं वाटेल असं म्हणतात, तसं काही वाटलं नाही. फक्त काल रात्री वही लिहायला बसले तेव्हा कुठलं पान गाळावं असा प्रश्न पडला नाही.

कोरीन

---

ड्राय वेल्स
१० नोव्हेंबर १९९७

कोरीन,

तुझं पत्र मिळालं. शाबासकी देणार नाही. वर्षभर उशिरा दिलेल्या गोष्टीला शाबासकी नसते. पण ते पत्र मी व्हर्नाच्या पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवलंय, तुझ्या नाही.

तू एक विचारलं नाहीस, आणि तू विचारणारी आहेस म्हणून मी वाट पाहत होते. डिसेंबरात तिने मला बोटांबद्दल लिहिलं, त्यावर मी काय उत्तर दिलं? उत्तर दिलं होतं. एक पोस्टकार्ड, निवडुंगाचं चित्र असलेलं. मागे लिहिलं, "बरं केलंस सुरी दिलीस ते. आपल्या वयाला हात दगा देतातच. आता आराम कर." वीस वर्षं तिच्या शेजारी बसले होते मी. अंधारात वीज गेली असताना तिने कोरलेला भोपळा मी पाहिलाय. आणि एका पत्रावरून मान डोलावली. एकोणीस एकदम बसत नाहीत, हे तुला ऑक्टोबरात शिकवायला निघाले होते, ते तिला डिसेंबरात लिहिता आलं असतं. तिला तेवढी एकच ओळ हवी होती बहुतेक. म्हणून नाताळच्या कार्डावर नुसती सही. ते मला कळलं होतं, तुला सांगितलं नाही.

तुला भर सभेत उभं राहायला सांगणं सोपं होतं. माझी सभा इथे कुठे आहे?

परवा गावात गेले तर दुकानाबाहेर उरलेले भोपळे ढिगाने पडले होते, हॅलोवीन होऊन आठवडा उलटलेला. एक घेतला. एर्विनने गाडीतून उतरवून दिला, देठाला धरून, त्याला चांगली सुनावली. मग ट्रेलरच्या पायरीवर बसून कोरला. अकरा वर्षांनी. हात थरथरत होते, माझे खरंच गेलेत. एक बाजू इतकी खरवडली गेली की ऊन आरपार दिसत होतं. इथल्या उन्हात तो दीड दिवसही टिकला नाही. आता त्याची हनुवटी पायरीवर टेकलीये, आणि माशा म्हणतात आम्हीच मालक.

येणारे जाणारे विचारतात. काल सहा जणांनी विचारलं, आज सकाळपासून चार जणांनी. पोस्टमन म्हणाला, "लेटी, हे टाकून द्या की आता, वास येतोय." एर्विन म्हणाला, "बहिणीला मोठी कलाकार म्हणायचीस, घराण्यातच हा हात का?"

मी प्रत्येकाला खुर्ची देते आणि सांगते. हा मी बिघडवला. माझ्या बहिणीच्या हातचा एकही भोपळा असा कधी बसला नाही, शेवटच्या वर्षीसुद्धा नाही, आणि तिने विचारलं तेव्हा मी तिला हे सांगितलं नाही.

टाकून देणार आहे. अजून पलीकडच्या रांगेतल्यांनी विचारायचं राहिलंय.

लेटीमावशी